ऑन-ग्रिड इन्व्हर्टर शॉर्ट सर्किटला करंट देतो किती? आणि एमसीबी कोणाच्या जिवावर पडतो?

चिरेबंदी (धागाकर्ता)

फोंडा तालुक्यातल्या एका वाड्याची जोडणी समोर ठेवून विचारतोय. ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट. २०२४ साली पीएम सूर्यघर योजना आल्यापासून घराघरांवर ३ ते ५ किलोवॅटचे सोलर बसले आणि त्या एका ट्रान्सफॉर्मरवरची बेरीज ७० किलोवॅटवर गेली. दोन प्रश्न आहेत.

पहिला: ठेकेदार म्हणतो, "एवढा सोलर चढला म्हणजे शॉर्ट सर्किट पातळी वाढली, १० केएचे (किलोअँपिअर, म्हणजे हजार अँपिअर) ब्रेकर काढून मोठे लावा." यात तथ्य किती?

दुसरा: लाईनच्या शेवटच्या खांबावर एक घर आहे, ट्रान्सफॉर्मरपासून साधारण ४०० मीटर. ५ किलोवॅट सिंगल फेज इन्व्हर्टर, तिथून एसीडीबीपर्यंत (इन्व्हर्टरच्या एसी बाजूची ब्रेकरपेटी) १५ मीटर ४ चौरस मिमी तांब्याची केबल, एसीडीबीत सी-३२ एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा ब्रेकर; ३२ म्हणजे अँपिअर, सी किंवा बी म्हणजे कितीपट करंटला झटकन पडतो त्याचा प्रकार). ही केबल माळ्यावर उंदराने कुरतडली आणि फेज-न्यूट्रल चिकटले तर तोडणार कोण?

---

अकरा_केव्ही

पहिल्याचे उत्तर आकड्यातच देतो.

२०० केव्हीए भागिले (१.७३२ × ४३३) म्हणजे फुल लोड २६७ अँपिअर. नेमप्लेटवर इम्पिडन्स (आतला अडथळा) ४.५ टक्के असेल. २६७ भागिले ०.०४५ म्हणजे ५.९ केए. हा ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (४३३ व्होल्टच्या) टर्मिनलवरचा थ्री-फेज फॉल्ट, तोही वरची ११ केव्ही लाईन अगदी दणकट आहे असे धरून. प्रत्यक्षात याहून थोडा कमीच.

आता सोलर. ७० किलोवॅट तिन्ही फेजवर सारखा वाटला असे धरा, दर फेजला ९७ अँपिअर. इन्व्हर्टर फॉल्टमध्ये स्वतःच्या रेटिंगच्या १.१ ते १.२ पट देतो. १.२ धरला तरी ११७ अँपिअर. म्हणजे ५.९ चे ६.० केए. दोन टक्के. १० केएचा ब्रेकर बदलायचे काहीच कारण नाही.

७० किलोवॅटचा डिझेल जनरेटर समांतर लावला असता तर गोष्ट वेगळी. त्याचा सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स (शॉर्टच्या पहिल्या क्षणातला अडथळा) १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पहिल्या काही सायकलमध्ये रेटिंगच्या आठपट, एक केएच्या घरात. ठेकेदाराच्या डोक्यात तो हिशोब असावा. फिरत्या यंत्रात लोखंडात साठलेले चुंबकत्व आणि रोटरचे वजन असते, ते फॉल्टमध्ये ओतले जाते. इन्व्हर्टरमागे तसे काहीच नसते.

---

फ्यूजवायर

वरच्या १.१ पटीमागचे कारण थोडे उलगडतो, कारण "इन्व्हर्टर शॉर्ट झाला की उडतो" असा समज बराच आहे.

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर व्होल्टेज तयार करत नाही. तो ग्रिडचे व्होल्टेज वाचतो आणि त्याच्या लयीत ठरलेला करंट ढकलतो. म्हणून शॉर्ट झाल्यावर व्होल्टेज कोसळले तरी कंट्रोलर करंटच धरून बसतो. क्रम असा:

पहिले काही मायक्रोसेकंद आउटपुट फिल्टरचा कपॅसिटर रिकामा होतो. ५ किलोवॅटच्या यंत्रात तो ५-१० मायक्रोफॅरडचा. १० मायक्रोफॅरड आणि ३२५ व्होल्ट पीक धरले तर ऊर्जा अर्धा ज्यूल. टोक बरेच उंच, पण एमसीबीच्या कॉइलला पत्तासुद्धा लागत नाही.

करंट फारच झपाट्याने चढला तर आयजीबीटीचा (आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) ड्रायव्हर तो पाहतो आणि गेट बंद करतो. साध्या आयजीबीटीला शॉर्ट सोसायला जेमतेम १० मायक्रोसेकंद मिळतात, त्यामुळे हे सॉफ्टवेअरवर सोडत नाहीत, हार्डवेअरमध्येच असते.

गेट बंद झाले नाहीत तर कंट्रोलरचा करंट लूप एक-दोन मिलिसेकंदात आवळतो आणि १.१ पटीवर बसवतो. ५ किलोवॅटला २१.७ चा २४ अँपिअर.

मग व्होल्टेज किती उरले यावर पुढचे. इन्व्हर्टरच्या तोंडाशीच शॉर्ट असेल तर व्होल्टेज शून्य, यंत्र लगेच थांबते, मागून आउटपुटचे रिले सुटतात. फॉल्ट लांब असेल आणि व्होल्टेज ६०-७० टक्क्यांवर लोंबकळत असेल तर तो २४ अँपिअर देत राहू शकतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत ८० टक्क्यांखाली किंवा ११० टक्क्यांवर गेल्यास २ सेकंदांत सुटणे बंधनकारक आहे. २३० वर म्हणजे १८४ आणि २५३ व्होल्ट. शेजारच्या घरात शॉर्ट होऊन त्यांचा एमसीबी १० मिलिसेकंदात पडला तर तुमचा इन्व्हर्टर बहुधा हललेलाही दिसणार नाही.

---

माडाचीसावली

पण काही डेटाशीटवर "कमाल फॉल्ट करंट" म्हणून ६०-७० अँपिअर लिहिलेले असते. मग १.१ पट कुठे गेला?

---

फ्यूजवायर

शेजारी "पीक" आणि वेळ लिहिली आहे का बघा. तो बहुतेक कपॅसिटरचा झटका धरून काढलेला शिखर-आकडा असतो, मिलिसेकंदांतला. एमसीबी आणि केबल निवडताना त्याच्याकडे न पाहता "कमाल आउटपुट करंट" ही ओळ घ्यायची.

चिरेबंदी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच दडलेय. सी-३२ ची चुंबकीय ट्रिप ५ ते १० पटीत, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर. इन्व्हर्टरचे २४ अँपिअर तर त्याच्या सततच्या रेटिंगपेक्षाही कमी. म्हणजे एमसीबी पडणार तो फक्त वीज खात्याच्या बाजूने येणाऱ्या करंटवर. मग तो करंट किती येतो, एवढाच प्रश्न उरतो.

४०० मीटर विझल कंडक्टर (खांबावरची उघडी तार, ३० चौरस मिमी, किलोमीटरला साधारण ०.९१ ओहम) जाऊन-येऊन ०.७३ ओहम. ३० मीटर सर्विस वायर, १० चौरस मिमी अॅल्युमिनिअम, ०.१८. तुमची १५ मीटर ४ चौरस मिमी, ०.१४. लाईनचा रिअॅक्टन्स धरून लूप (जाण्या-येण्याच्या वाटेचा एकूण अडथळा) १.१ ओहमच्या आसपास. २३० भागिले १.१, म्हणजे २०० अँपिअरच्या थोडा वर, वायर तापलेली असेल तर खाली.

२०० अँपिअर. सी-३२ साठी हा नेमका संशयाचा पट्टा. एखादा नग १० मिलिसेकंदात पडेल, दुसरा थर्मल पट्टी तापायची वाट बघत काही सेकंद बसेल. आणि ४ चौरस मिमीची पीव्हीसी तांब्याची वायर २०० अँपिअर साधारण ५ सेकंद सोसते. माळ्यावर वासे-रिपांच्या शेजारी ही शर्यत कशाला लावायची?

बी-३२ लावा. त्याची ट्रिप ९६ ते १६० अँपिअरमध्ये, २०० ला नक्की पडतो. मोटरसारखा सुरुवातीचा झटका इन्व्हर्टरला नसतो, सावकाश चढतो, त्यामुळे सी कर्व्हची गरजच नव्हती. दुकानात सी सहज मिळतो म्हणून सी लावतात.

---

कुळागर

लूप मोजायला मीटर नसेल तर इन्व्हर्टरच कामाला लावता येतो. कडक ऊन, घरातला लोड बंद. इन्व्हर्टर २० अँपिअर ढकलत असताना त्याच्या डिस्प्लेवरचे एसी व्होल्टेज लिहा. एसीडीबीचा एमसीबी पाडा आणि त्याच क्षणी एमसीबीच्या ग्रिडकडच्या टोकाचे व्होल्टेज मीटरने घ्या. समजा २५१ वरून २३१. फरक २०, करंट २०, म्हणजे लूप १ ओहम. ग्रिडचे व्होल्टेज स्वतःही हलते म्हणून चार-पाच वेळा करून सरासरी काढा.

म्हणजे ज्या घरात दुपारी बारा ते दोन इन्व्हर्टर "ओव्हर-व्होल्टेज" दाखवून सारखा बंद पडतो, त्याच घरात शॉर्ट झाल्यावर एमसीबी आळशीपणा करणार. दुखणे एकच.

---

चिरेबंदी

हे आवडले. ज्या घराची तक्रार जास्त तिथे आधी बी कर्व्ह, असा क्रम लावता येईल.

---

कुळागर

थांबा, त्याआधी अर्थिंग. फेज-न्यूट्रल शॉर्टचा हिशोब झाला, पण इन्व्हर्टरची बॉडी किंवा पॅनलची फ्रेम लाइव्ह झाली तर करंट न्यूट्रलने परतत नाही, तुमच्या अर्थ पिटमधून (अर्थिंगच्या खड्ड्यातून) जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत जातो. आपल्याकडे खाली चिरा, म्हणजे जांभा दगड. जांभ्यात ओलावा टिकत नाही, उन्हाळ्यात पिट सुकले की रेझिस्टन्स कितीतरी वाढतो.

पिट ८ ओहमचा असला, जो चिऱ्यात चांगलाच म्हणायचा, तरी २३० भागिले ८ म्हणजे २९ अँपिअर. ३२ चा एमसीबी, बी असो की सी, जन्मात पडणार नाही. बॉडीवर जवळजवळ पूर्ण फेज उभा राहणार. इथे आरसीसीबीशिवाय (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून तोडणाऱ्या ब्रेकरशिवाय) इलाज नाही. ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर ५० व्होल्टच्या मर्यादेत पिट १६६ ओहमपर्यंत चालतो. चिऱ्यातला पिट त्यात आरामात बसतो.

मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमधला आकडा फसवा असतो, पाण्याने भिजलेल्या जमिनीत कोणताही पिट हुशार. तीन खुंट्यांची पद्धत: करंटची खुंटी २० मीटरवर, व्होल्टेजची १२ ते १२.५ मीटरवर, तिन्ही एका रेषेत. चिऱ्यात खुंटी घुसत नसेल तर ओल्या गोणपाटावर ठेवून वर दगड ठेवा, पाणी ओता. या दोन खुंट्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स जास्त असला तरी चांगला अर्थ टेस्टर ते सांभाळून घेतो.

---

माडाचीसावली

३० मिलिअँपिअरच का नको? माणसाच्या जिवासाठी तोच सांगतात.

---

कुळागर

घरातल्या सॉकेटसाठी तोच हवा, पण तो घरच्या डीबीत (वितरण पेटीत). इन्व्हर्टरच्या वाटेवर नको. ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टरमध्ये पॅनल आणि अर्थ मिळून एक कपॅसिटर बनतो. पाऊस पडला की काचेवर पाण्याची फिल्म, कपॅसिटर मोठा होतो, गळती वाढते, ३० चा आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. मग वैतागून कोणीतरी तो काढून टाकतो, आणि गोव्यात पाऊस चार महिने. १०० किंवा ३०० चा लावा. माणसाला लागणाऱ्या झटक्यासाठी इन्व्हर्टरच्या आत गळतीवर नजर ठेवणारे युनिट असते: ३० मिलिअँपिअरची अचानक उडी दिसली की ०.३ सेकंदात थांबतो, सतत गळतीची मर्यादा ३० केव्हीएपर्यंतच्या यंत्रांना ३०० मिलिअँपिअर.

प्रकार मात्र बघून घ्या. दुकानात जो स्वस्त मिळतो तो "एसी" प्रकारचा, डीसी मिसळलेल्या गळतीत तो आंधळा होतो. किमान "ए", आणि मॅन्युअलमध्ये "बी" मागितला असेल तर "बी"च.

---

भरतीओहोटी

सगळे एसीवरच बोलताय. आग लागते ती बहुतेक डीसीकडून.

प्रत्येक स्ट्रिंगला (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेला) १५ अँपिअरचा फ्यूज लावला की डीसी शॉर्टची काळजी मिटते.

---

फ्यूजवायर

नाही भाऊ, इथेच लोक चुकतात. ५४० वॅटच्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट १३.८५ अँपिअर, चालू करंट १३. म्हणजे शॉर्ट केला तरी जेमतेम सात टक्के जास्त. १५ अँपिअरचा फ्यूज त्यावर कधीच वितळणार नाही. उलट ढगाच्या कडेवर ऊन वाढले की हळूहळू म्हातारा होऊन भलत्या वेळी जाईल, आणि जाताना होल्डर जाळून.

फ्यूज स्वतःच्या स्ट्रिंगच्या करंटसाठी नसतोच. तीन किंवा जास्त स्ट्रिंग एकत्र जोडल्या आणि त्यातली एक शॉर्ट झाली तर बाकीच्यांचा करंट तिच्यात उलटा घुसतो, त्यासाठी असतो. एका एमपीपीटीवर (इन्व्हर्टरच्या पॅनल जोडायच्या इनपुटवर) एक-दोन स्ट्रिंग असतील तर फ्यूज शोभेचा. तीन किंवा जास्त असतील तर शॉर्ट सर्किट करंटच्या १.५ ते २.४ पट, म्हणजे इथे २० च्या वर, आणि पॅनलमागच्या लेबलवर लिहिलेल्या कमाल सिरीज फ्यूजच्या आत. ते बहुधा २५ असते, म्हणून २५ अँपिअरचा जीपीव्ही (सोलर डीसीसाठीचा) फ्यूज. एसीचा काचेचा किंवा एचआरसी तिथे चालत नाही. डीसीत करंट शून्याला येत नाही, त्यामुळे ठिणगी आपोआप विझत नाही.

---

भरतीओहोटी

मान्य. मग स्ट्रिंग शॉर्ट झाली तर तोडायचे कोणी?

---

फ्यूजवायर

सूर्यास्ताने. अक्षरशः. १० पॅनलची स्ट्रिंग, ४५०-५०० व्होल्ट, प्लस-मायनस चिकटले तर १३.८५ अँपिअर दिवसभर वाहत राहणार आणि ४ चौरस मिमीची सोलर केबल ते सोसते. धोका आहे तो अशा वेळी एमसी-४ (पॅनलच्या तारांचा जोड) ओढून उघडण्यात. तोंडात इंचभर ज्वाळ धरून बसते. आधी डीसी क्लॅम्प मीटरने करंट शून्य आहे हे बघा, नसेल तर पॅनलवर ताडपत्री किंवा रात्र.

किनाऱ्यालगतचे नेहमीचे दुखणे मात्र शॉर्टपेक्षा अर्थ फॉल्टचे. पावसाळ्यात सकाळी "आयसोलेशन" एरर आणि नऊ वाजता ऊन आले की आपोआप नाहीसा. बहुतेक वेळा एमसी-४ मंगळुरी कौलांच्या पन्हाळीत पडलेला असतो, किंवा क्लिपच्या धारेने इन्सुलेशन कापलेले, आणि त्यात खारट ओल. जागा शोधायची रीत:

एसी एमसीबी पाडा, मग इन्व्हर्टरचा डीसी आयसोलेटर, मग ५ मिनिटे थांबा. एरर असताना, म्हणजे ओल असतानाच मोजायचे. एक हजार व्होल्ट डीसीचा मीटर, हातमोजे. प्लस-मायनस, प्लस-अर्थ, मायनस-अर्थ असे तीन आकडे. समजा अनुक्रमे ४६०, १८४, २७६. दहा पॅनलला ४६० म्हणजे दर पॅनल ४६. १८४ भागिले ४६ बरोबर ४. प्लसकडून चौथ्या आणि पाचव्या पॅनलमधली जोडणी ओली आहे. थेट तिथे चढा, बाकी छपरावर फिरू नका. ओल्या कौलावर शेवाळ असते. आणि प्लस-अर्थ, मायनस-अर्थ दोन्ही आकडे हळूहळू शून्याकडे घसरत असतील तर तो मीटरचा भास, फॉल्ट नाही.

---

अकरा_केव्ही

घरगुतीचे झाले, आता ११ केव्हीकडे थोडे. वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींत एचटी (११ केव्हीवर जोडलेल्या) ग्राहकांच्या शेडवर ५०० किलोवॅट, एक मेगावॅट बसतात. एक मेगावॅट म्हणजे ११ केव्हीवर ५२ अँपिअर, फॉल्टमध्ये ५८-६०. सबस्टेशनच्या रिलेला हा करंट दिसतही नाही, त्यामुळे ओव्हरकरंट सेटिंग बदलायची गरज नसते. अडचण दुसरीच आहे.

ट्रान्सफॉर्मर डीवायएन-११ जोडणीचा, ११ केव्हीकडे डेल्टा (त्रिकोणी जोडणी, न्यूट्रल नसलेली). माडाची चुडत एका फेजवर पडून अर्थ फॉल्ट झाला, सबस्टेशनचा ब्रेकर पडला. आता त्या तुकड्याला न्यूट्रलच उरला नाही. इन्व्हर्टर अजून सुटला नसेल तर तो डेल्टातून फॉल्टला अर्थ करंट देतच नाही, म्हणून ग्राहकाचा अर्थ फॉल्ट रिले गप्प. आणि चांगल्या दोन फेजचे जमिनीशी व्होल्टेज ६.३५ वरून ११ केव्हीवर. खांबावरचे लाइटनिंग अरेस्टर ९ केव्हीचे असतात. दोन सेकंदांची अँटी-आयलँडिंग (ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टर सुटण्याची) मुदत त्यांना फार लांब वाटते.

म्हणून अशा प्लांटला एचटी बाजूला ओपन डेल्टा पीटीवर (व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल डिस्प्लेसमेंट रिले (न्यूट्रल सरकल्याचे ओळखणारा) घ्यावा, फक्त इन्व्हर्टरच्या आतल्या सेटिंगवर राहू नये. तसेच फीडरवर ऑटो-रिक्लोजर (पडलेली लाईन आपोआप पुन्हा जोडणारा ब्रेकर) असेल तर त्याचा मृतकाळ (मधला बंद राहण्याचा वेळ) २ सेकंदांपेक्षा जास्त आहे ना हे विचारून घ्यावे. इन्व्हर्टर जिवंत असताना रिक्लोज झाला तर फेज जुळलेले नसतात.

आणखी एक: हे इन्व्हर्टर सहसा तिन्ही फेजमध्ये सारखाच करंट देतात, दोन फेजचा शॉर्ट असला तरी. निगेटिव्ह सीक्वेन्सवर (तीन फेजमधल्या असमतोलावर) चालणारी रिले दिशा चुकवू शकते. मोठ्या, ३३ केव्ही आणि वरच्या प्लांटना तर व्होल्टेज १५ टक्क्यांवर आले तरी ३०० मिलिसेकंद जोडलेले राहावेच लागते; घरगुती ८० टक्क्यांचा नियम तिकडे लावू नका.

लाईनमनसाठी मात्र इन्व्हर्टर "कमी करंट देतो" याला अर्थ नाही. २४ अँपिअर माणसाला पुरून उरतात. आयसोलेट, टेस्ट, आणि दोन्ही बाजूंना अर्थ रॉड, सबस्टेशनकडेही आणि घरांकडेही.

---

चिरेबंदी

शेवटचा मुद्दा. यातली तीन घरे बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घेतायत, लाईट गेली की बॅकअपवर घर चालावे म्हणून. तिथे तर ग्रिडचा करंटच नाही. बॅकअप डीबीत सी-१६ आहेत.

---

फ्यूजवायर

तिथे सी-१६ निव्वळ स्विच. ५ किलोवॅटचा हायब्रिड काही सेकंद दुप्पट देतो असे धरले तर ४३ अँपिअर. सी-१६ ला ८० ते १६० हवेत. एका खोलीत शॉर्ट झाला तर एमसीबी पडणार नाही, इन्व्हर्टरच ओव्हरलोड दाखवून पूर्ण घर अंधारात टाकेल, पुन्हा चालू होईल, पुन्हा पडेल. दिव्यांना बी-६ लावा, १८ ते ३० अँपिअरमध्ये पडतो, ४३ ला नक्की. बी-१० ची वरची हद्द ५०, म्हणजे नशिबावर. फ्रिजला बी-१० लावून बघायचा, पण शॉर्टला तो निवडक पडेल अशी खात्री धरू नये.

आणि ग्रिड असताना हाच बॅकअप पोर्ट बायपास रिलेतून थेट ग्रिडला जोडलेला असतो, तेव्हा फॉल्ट पूर्ण ग्रिडचा. रिले चिकटू नये म्हणून ग्रिड इनपुटला मॅन्युअलमधल्या कमाल ब्रेकरपेक्षा मोठा लावू नका.

---

कुळागर

बॅकअपमध्ये न्यूट्रल-अर्थ जोड तपासला का कोणी? ग्रिड सुटला की इन्व्हर्टरचे दोन्ही तार जमिनीपासून मोकळे. मग फेज बॉडीला लागला तरी करंटला परतायला वाट नाही, आरसीसीबी गप्प, आणि दुसरा फॉल्ट होईपर्यंत कळतच नाही. चांगल्या यंत्रात बॅकअपमध्ये न्यूट्रल अर्थला जोडणारा रिले असतो, पण काहींत तो सेटिंगमध्ये बंद येतो.

---

माडाचीसावली

आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबले की पडते. मग ठीकच ना?

---

कुळागर

नाही. ते बटण आरसीसीबीच्या आतच फेजकडून न्यूट्रलकडे रेझिस्टर जोडते, अर्थ त्यात येतच नाही. जोड नसला तरी बटणाने पडणारच.

ग्रिडचा एमसीबी पाडून बॅकअप चालू ठेवा. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा: एक-दोन व्होल्ट म्हणजे जोड आहे, ८०-११५ सारखे काही आले तर तरंगतोय. मग आरसीसीबीच्या पुढच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात १५ वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा, ६५ मिलिअँपिअर. घरातल्या कुठल्याही धातूच्या बॉडीला तेव्हा हात नको. ३० चा आरसीसीबी लगेच पडला तर बरोबर. बल्ब पेटलाच नाही तर जोड नाही. आणि बल्ब नीट पेटून आरसीसीबी पडला नाही तर कोणीतरी न्यूट्रल-अर्थ जोड आरसीसीबीच्या लोडकडच्या बाजूला केलाय. तो तिथून काढून इन्व्हर्टरकडच्या बाजूला घ्यायचा, आणि तोपर्यंत बॅकअप बंद.